जास्तीची हवा

आमच्या मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक वस्तू घेतली, आणि तिच्यात बसायला पंगतीला बसतात तसं खाली जावं लागत होतं.

लाल, बुटकी, स्पोर्टी गाडी. जुनी होती, पण तोंड असं की आत्ता चावेल! मालवीय नगरच्या आमच्या गल्लीत ती आली तेव्हा मी चप्पल काढूनच तिच्याजवळ गेलो. मामा म्हणाले, "आरं, देऊळ हाय व्हय ते?" म्हणाले खरे, पण त्यांच्याही पायात चप्पल नव्हती.

मी विट्याकडचा. आठवीत शाळेनं आणि मी एकमेकांचा नाद सोडला, तेव्हा मामांनी मला उचलून इथं जयपूरला आणलं, गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं. आमच्या भागातली निम्मी पोरं याच कामासाठी देशभर पांगलेली असतात. आज माझ्याकडं जे काही आहे ते मामांनी दिलेलं आहे. माझी स्वतःची म्हणाल तर काळजी तेवढी.

आणि आता काळजीला विषय मिळाला होता. कारण मामींना गाडी लागते. रिक्षात मळमळतं, बसमध्ये मळमळतं. (टीव्हीवर घाटाचा रस्ता दाखवला तरी त्या ओव्याची डबी शोधतात!) पहिल्याच फेरीत स्पीडब्रेकरवरून गाडी अशी काही उडाली की मामी उतरल्या त्या कंबर धरून.

"रविवारी मला बगरूला न्या, छापाच्या चादरी घ्यायच्यात," त्यांनी निकाल दिला. "जाऊन-येऊन मला एकदा जरी मळमळलं, तर सोमवारी ही तांबडी सटवी परत!"

गाडी विकणाऱ्यानं सोमवारपर्यंत परत घ्यायचं कबूल केलं होतं. मामा नुसते गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले. ज्या माणसानं माझा जन्म मार्गी लावला, त्याची एक गाडी मला मार्गी लावता येऊ नये?

मी शेजारच्या जोशी साहेबांना गाठून मामा-मामींसमोर आणलं. विमा कंपनीतले अधिकारी, बदलीवर आलेले, पुण्याचे. त्यांना सगळं येतं, आणि न विचारता सांगायचीही तयारी असते.

"अहो, स्पोर्टी गाडीचं सगळं हँडलिंग टायरच्या हवेवर असतं," ते म्हणाले. "जास्त झाली की उडते, कमी झाली की डुलते. तुमच्या गाडीला तेहतीस. एक वर नाही, एक खाली नाही!"

मामांचा चेहरा उजळला. गाडीच्या दुनियेतही कुणीतरी तोलून-मापून बोलणारं निघालं होतं!

"मात्र मागे वजन किती बसणार, त्यावर थोडाफार फरक पडतो हं," साहेब पुढं म्हणाले.

मामा हळूच मामींकडं वळले. "ऐकलं का... दुकानातला मोठा काटा घरी आणू का?"

"आणा की. आधी तुम्हाला त्यात बसवते, आन् मग भट्टीत घालते."

तेव्हा तेहतीसच ठरलं.

गलाईवाला दुसऱ्याच्या काट्यावर कधी विश्वास ठेवत नाही. म्हणून शनिवारी मामांनी हवा मोजायचा स्वतःचा गेज आणला आणि सोन्याच्या काट्यासारखा मखमलीच्या डबीत ठेवला. घराजवळच्या पंपावर चारी चाकं तेहतीस केली आणि आम्ही दोघं चाचणीला म्हणून शहराबाहेर चौमूं गावाला निघालो. मे महिन्याचं टळटळीत ऊन. रस्ता असा तापलेला की वर भाकरी टाकली असती तर फुगली असती!

चौमूंच्या पंपावर मामांनी गेज लावला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"दत्ता, चार वाढली."

"कुठल्या चाकात?"

"चारीत!"

आमच्या धंद्यात माल आगीत जातो आणि बाहेर येताना थोडा घटतो. घट कशी कमी राहील यातच मामांचा जन्म गेला. आणि इथं माल उन्हात घातला आणि वाढून आला! मामांनी पुढच्या डाव्या चाकाला हात जोडले. मीही जोडले. (पंपावरच्या एका मोटरसायकलवाल्यानं आमचं बघून जोडले. काय आहे ते विचारलंसुद्धा नाही!)

मग मामांचा आवाज एकदम दुकानातला झाला. "जास्तीचं आपलं न्हवं. सोड."

"मामा, हवा तर आपलीच..."

"तेहतीस घेतली हुती ना? मग वरची चार कुणाची? सोड म्हंतो न्हवं!"

मी व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! पंपवाला म्हणाला, "रहने दो ना सेठजी, हवा ही तो है।"

मामा ताडकन उठले. "हवा ही तो है? आज हवा रखेगा, कल सोना रखेगा!"

परतताना दिसेल त्या पंपावर आम्ही थांबलो. प्रत्येक ठिकाणी हवा थोडी वाढलेली, आणि प्रत्येक ठिकाणी मामा ती इमानदारीनं परत करणार. घरी पोचलो तेव्हा काटा बरोबर तेहतीसवर होता. मामांनी डबी बंद केली आणि एखाद्याचं मंगळसूत्र जसंच्या तसं पोचतं केल्यासारखा निःश्वास टाकला.

रविवारी पहाटे मी विचारलं, "मामा, निघायच्या आधी मोजू का एकदा?"

"काल तोललाय ना माल? मग परत कशाला? गाडीला काय वाटंल?"

गाडीला काय वाटत होतं, ते अजमेर रोडवर कळलं. मामांनी स्टिअरिंग डावीकडं वळवलं. गाडीनं ते ऐकून घेतलं, त्यावर विचार केला आणि मग वळली. वळली ती तिकडंच रमली. तिला परत सरळ आणावं तर ती दुसरीकडं झुकायची. मागच्या सीटवर ओव्याची डबी उघडल्याचा आवाज आला. माझं काळीज चाकात गेलं.

"अव्हो, गाडी हाय का पाळणा?"

"स्पोर्टी हाय ती. अशीच असती," मामा म्हणाले. मानेवरून घाम गळत होता.

बगरूत शिरल्यावर छपाईवाल्यांच्या गल्लीला एक वळण आहे. मामांनी स्टिअरिंग फिरवलं. गाडी विचार करत राहिली! आम्ही डुलत डुलत समोरच्या मोकळ्या मैदानात उतरलो. आधी चाकं सांडलेल्या काळ्या रंगाच्या ओघळातून गेली. मग वाळत घातलेल्या एका चादरीवरून गेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग गाडी अगदी अदबीनं थांबली.

छपाईवाले काका हातातला लाकडी ठसा तसाच धरून उभे. मामा स्टिअरिंगला धरून बसलेले. मला दरवाजा कुठं असतो तेच आठवेना. उतरल्या त्या मामी. त्यांनी माणसांकडं बघितलंच नाही. थेट चादर उचलली, उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"भैया, ये ठसा ठीक नहीं बैठा। किनारे काले, बीच में फीका। ऐसा माल मैं नहीं लेती!"

"बहनजी," काका हात जोडून म्हणाले, "ये हमने नहीं छापा!"

पण मी चादरीकडं बघतच राहिलो. दोन काळ्या पट्ट्या, रेघन् रेघ उमटलेली, एवढं सुरेख काही माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं! आणि मामींचं खरं होतं. कडा गडद, मध्ये फिकट. म्हणजे टायर कडांवर टेकलाय आणि मध्ये पोट खपाटीला गेलंय.

"मामा, हवा कमी हाय!"

मखमलीची डबी उघडली. चोवीस!

"चोरी झाली!" मामा ओरडले. "रात्रीतनं कुणीतरी..."

तेवढ्यात मला दुकानातला माझा पहिला दिवस आठवला. भट्टीतून निघालेली चांदी मी तशीच काट्यावर ठेवायला गेलो होतो आणि मामांनी माझ्या हातावर चापट मारली होती. गरम माल तोलायचा न्हाई, दत्ता. निवू दे आधी.

"मामा," मी घाबरत घाबरत म्हणालो, "काल आपण गरम माल तोलला."

मामा मैदानात मटकन खालीच बसले. चाकाला हात लावून म्हणाले, "म्हंजे जास्तीची म्हणून जी परत केली..."

"ती आपलीच हुती."

(जन्मभरात मामांनी कुणाला वजनाच्या वर काही दिलं असेल, तर ते चौमूंच्या वाऱ्याला!)

मग त्यांनी मामींकडं बघितलं आणि एवढ्याशा आवाजात विचारलं, "मळमळलं का गं?"

मामींनी हातातली चादर खाली ठेवली. "भ्याच्या पायी राहूनच गेलं की! पर अजून माघारी जायचं हाय."

मामींनी चादरी निवडेपर्यंत गाडी कडुलिंबाच्या सावलीत निवू दिली. ती खराब झालेली चादरही घेतली, नाइलाज होता. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरली. मामांनी प्रत्येक चाकावर हाताची मागची बाजू टेकवून ते थंड असल्याची खात्री केली, आणि मी श्वास रोखून काटा वाचला. तेहतीस.

परतीचा तो रस्ता मी विसरणार नाही. मामांनी बोट हलवावं आणि गाडीनं वळावं! वळण संपलं की आपली आपण सरळ. मूस कलती केल्यावर सोन्याची धार जशी न थरथरता साच्यात उतरते, तशी ती रस्त्यात उतरत होती. आपण कुणाच्या पोटात बसलोय याची भीती वाटावी, इतकं ते सुंदर होतं. मागं वळून बघितलं, तर मामी चादरींच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या. ओव्याची डबी मिटलेली. मामांनी आरशात बघितलं आणि डोळे पुसले. घाम असेल.

सोमवार आला आणि गेला. गाडी अजून गल्लीत आहे. जोशी साहेबांना हकीकत सांगितली तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, उष्णतेनं हवा प्रसरण पावते, हे शाळेत शिकवतात!" शिकवत असतील. त्या वेळी मी भट्टीसमोर होतो.

ती चादर माझ्याकडं आली. परवा आई गावाहून आली होती. माझ्या पलंगावर बसून तिनं त्या दोन काळ्या पट्ट्यांवरून किती तरी वेळ हात फिरवला.

"काय रेखीव काम हाय रं! चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसाचा हात दिसतोय."

"व्हय आई," मी म्हणालो. "आठवी नापास."