नंदाखालची सुकेळी आणि शेजारच्या टेबलावरचा पगार

आगाशीच्या सुकेळ्यांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात बांधून विकतात; चवीबद्दल मी ब्र काढणार नाही. पण ती गाठ! ती सोडवायला अखंड गुरुशिष्यपरंपरा लागावी. एसटीत दोन नखं गमावून मी नंदाखालला उपाशीच उतरलो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: विरार पश्चिमेहून आगाशीकडची एसटी पकडा, तिकीट वडापावाच्या आसपास. शेअर रिक्षाही मिळते, पण चौथं माणूस तुमच्या मांडीवर येतं.

पास्कल माझा कॉलेजातला मित्र. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो आखातातल्या तेलकंपनीत टेक्निशियन म्हणून निघाला, तेव्हा निरोप द्यायला मी इथे आलो होतो. तेव्हा वाडीतल्या विहिरीवर रहाट कुरकुरायचा. आता पास्कल कायमचा परतलाय, घरावर मजला चढलाय, विहिरीवर पंप बसलाय. मी मात्र दिवसभर त्या कुरकुरीला कान लावून होतो.

या खेपेला काम होतं. माझी मुलगी मुग्धा लॅब टेक्निशियन. आखातातल्या एका हॉस्पिटलचा करार आलेला, सोमवारपर्यंत सही हवी. पाठवू की नको?

"शास्त्री, पगार चांगलाच असतो," पास्कल म्हणाला. (दोन सुभाषितं पाठ असल्याची ही शिक्षा मी कॉलेजपासून भोगतोय.) "फक्त शेजारच्या टेबलावरचा विचारायचा नाही. त्याच देशातल्या एका पोराला मी काम शिकवलं. शिकत होता तेव्हाच माझ्या तिप्पट घेत होता. नंतर माझा साहेब झाला."

"आमच्या हॉस्पिटलात एवढा फरक नव्हता," वालाची भाजी वाढत त्याची बायको मार्था म्हणाली. ती तिथे नर्स होती. "आणि माझा भाऊ हॉटेलात आचारी, तिथे तर सगळे समान."

"ते कसं?" मी विचारलं.

"तिथला माणूस त्या भटारखान्यात नोकरीला येतच नाही, भाऊ! फरक कुणाशी करणार?"

जेवण झाल्यावर तिघं वाडीत गेलो. दोन गडी केळीला आळी करत होते. एक गावचा रघू, दुसरा नेपाळहून आलेला, खडक नावाचा. फावडी एका लयीत पडत होती. मी सहज विचारलं, "दोघांना मजुरी सारखीच?"

"छे! रघू आपल्या गावचा. खडक बाहेरचा. त्याला त्याच्या गावी एवढंही मिळत नाही," पास्कल म्हणाला.

मार्था मागे न वळता म्हणाली, "बोलले मुदीरसाहेब!"

मुदीर म्हणजे तिकडचा मॅनेजर. पास्कल ओशाळला. "तो पोरगा माझ्याशी वाईट वागला नाही गं कधी."

"तू तरी खडकशी कुठे वाईट वागतोस?"

संध्याकाळी पास्कल मला थांब्यापर्यंत सोडायला आला. एसटी येताना दिसली तेव्हा पास्कलने सुकेळ्यांची आणखी एक पुडी माझ्या पिशवीत कोंबली. "पाठव पोरीला. सवय होते."

घरी मुग्धाने ती गाठ कात्रीने एका झटक्यात कापली आणि सुकेळं चघळत विचारलं, "काय म्हणाले काका?"

"सवय होते म्हणाले."

तिने करार पुढे ओढला. तिला तिथे कमी पगार मिळेल याची मला फारशी काळजी नाही. तिला ते रास्त वाटू लागेल, आणि पुढे कधीतरी तीही कुणाला 'बाहेरचा' म्हणेल, याची मला भीती वाटते.