श्वास उलटवणारी डबी

सगळी गल्ली त्याला खटपट्या म्हणायची आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पोटासाठी तो लोकांचे बिघडलेले ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा आणि जिवासाठी सिंथेसायझर बनवायचा. विकत मिळतो तसला गुळगुळीत नव्हे. फळीवर ठोकलेली सर्किटं, वायरींचं जंगल आणि त्यातून निघणारे सूर. एवढा खटाटोप करून शेवटी दारात अडकलेल्या मांजरासारखाच आवाज काढायचा असेल तर मांजरच पाळलेलं काय वाईट, असं त्याची थोरली बहीण विचारायची. तो हसायचा आणि पुन्हा सोल्डरिंगच्या धुरात नाक खुपसायचा.

कामाला बसला की त्याला जगाचं भान नसे. वडील गेले ते शेजारच्या खोलीत, भर दुपारी. हा भिंतीच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून एक सूर जुळवत होता. त्यांनी हाक मारली होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. ताईने त्यावरून एका शब्दानेही त्याला बोल लावला नाही आणि तेच त्याला जास्त लागलं. पुढे आईने अंथरूण धरलं, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं की या वेळी शेवटच्या क्षणी तिचा हात आपल्या हातात असायलाच हवा.

उशाशी बसून राहायची त्याची तयारी होती. पण आईच त्याला हाकलायची. कुणी असं टक लावून बघत बसलं की मला मरायची लाज वाटते, म्हणायची. मग या गृहस्थाने काय करावं? तिच्या उशीजवळ एक छोटा माइक ठेवला आणि त्याची वायर मधल्या दाराखालून आपल्या टेबलापर्यंत आणली. आईचा श्वास ऐकू आला की व्होल्टेज चढायचं आणि व्होल्टेज चढलं की फळीवरचा सूर मोठा व्हायचा. आई श्वास घेतेय तोवर सूर येत राहणार, थांबली की सूर थांबणार.

पण इथेच तो अडला. सूर थांबला तर आपल्याला कळेल? शांतता त्याला कधीच ऐकू आली नव्हती. वडिलांच्या वेळी तरी काय झालं होतं? म्हणून त्याने मध्ये एक डबी बसवली. तिच्यात एक आयसी, चार रेझिस्टर आणि बंद-चालू करायचं एक बटण. डबीचं काम एवढंच, की आलेलं व्होल्टेज उलटं करायचं. चढलं तर उतरवायचं, उतरलं तर चढवायचं. आता श्वास ऐकू आला की सूर दबायचा आणि दोन श्वासांच्या मधल्या पोकळीत हळूच वर यायचा. श्वास थांबलाच, तर तो चढून चढलेलाच राहणार, आणि तो तर बहिऱ्यालाही ऐकू जाईल. सूर दचकवू नये म्हणून त्याने त्याचा चढ-उतार मुद्दाम संथ ठेवला, आईच्या श्वासाशी जुळवून. ताई त्या डबीला उलट्या खोपडीची म्हणायची आणि ती कोणावर गेली आहे तेही सांगायची.

आईला मात्र ती डबी आवडली नाही. दार बंद असूनही तिला तो सूर भिंतीपलीकडून बारीक ऐकू यायचा. एकदा त्याला जवळ बोलावून ती म्हणाली, "मी थांबले की ते सुरू होतं रे. मी श्वास घेतला की ते सोडतं. शिकतंय बघ ते माझ्याकडून."

तो म्हणाला, नुसती तार आहे गं, तारेला काय कळतंय. पण त्यानंतर टेबलाशी बसला की आपल्या पाठीमागे कुणीतरी झोपलंय असं त्याला वाटत राही. ते वाटणं वाईट नव्हतं, हे त्याने ताईलाही सांगितलं नाही.

त्या सकाळी ताई लांबच्या दुकानातून औषधं आणायला निघाली. जाताना तिने मधलं दार सताड उघडलं. आईला कोंदट वाटतंय, म्हणाली, आणि आता डोळा लागलाय तर उठवू नकोस. खटपट्याने जागेवरूनच डोकावून पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून, पांघरूण खांद्यापर्यंत ओढून निजली होती. फळीवरचा सूर उतरत होता, चढत होता. तो कामाला लागला.

त्या दिवशी काम छान झालं. किती दिवसांचा रखडलेला एक ॲम्प्लिफायर मार्गी लागला. अधूनमधून तो कान द्यायचा. श्वास कालच्यापेक्षा सावकाश होता, एकसारखा होता, मध्ये कुठे अडखळत नव्हता. आईला आज आराम पडलेला दिसतोय, म्हणून त्याला अगदी भरून आलं.

दुपार टळल्यावर ताई परत आली, आत गेली आणि तिने त्याला नावाने हाक मारली. ती त्याला कधीच नावाने हाक मारत नसे. तो धावत गेला. आईचा हात त्याने हातात घेतला तर तो गार होता आणि बोटं वळत नव्हती. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि सांगितलं की जाऊन बरेच तास झालेत, सकाळीच गेल्या असाव्यात.

"शक्यच नाही," खटपट्या म्हणाला. "आत्तापर्यंत श्वास चालू होता. मी ऐकत होतो."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई मात्र दाराकडे बघत होती, कारण टेबलावरचा सूर अजूनही चढत होता, उतरत होता, सावकाश, एकसारखा.

मग त्याच्या ध्यानात आलं. उघड्या दारातून यंत्राचा सूर माइकपर्यंत पोहोचत होता. सूर चढला की माइकला तो श्वास वाटायचा आणि डबी तो दाबायची. दबला की माइकला शांतता वाटायची आणि डबी तो पुन्हा चढवायची. सकाळपासून ते यंत्र स्वतःचंच ऐकत होतं. आणि तो त्याला सोबत करत बसला होता.

डॉक्टर गेल्यावर त्याने मधलं दार लोटून बंद करून पाहिलं. सूर चढला, चढत गेला आणि खाली येईना. घरभर तो एकच आवाज भरून राहिला. ताईने कानावर हात ठेवले आणि बंद कर म्हणून विनवलं. तो टेबलाशी गेला, बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला.

मग बटण न दाबताच मागे वळून त्याने दार पुन्हा उघडलं, आणि सूर हळूहळू खाली येईपर्यंत तो आईच्या उशाशी जाऊन बसला.