थेमेलिना बोटीवर का चढली

थेमेलिनाला समुद्र कधीच आवडला नाही. कालिम्नोस बेटावर जन्मलेल्या बाईने असं म्हणावं म्हणजे कमालच, पण तिला कारण होतं. तिचा बाप स्पंज काढायला खोल बुडी मारायचा, आणि एका उन्हाळ्यात घाईने वर आला तो पाय कायमचे लुळे करूनच. म्हणून लग्न ठरलं तेव्हाच तिने साकेलारिसला रोखठोक सांगून टाकलं, "तुझी बोट तुला लखलाभ. मी तिच्यावर पाऊल ठेवणार नाही." पस्तीस वर्षं शब्द पाळला हो! तो एप्रिल ते ऑक्टोबर प्रवाशांना तेलेंदोस बेट, समुद्रातली गुहा, प्सेरिमोस बेट असं फिरवून आणायचा. ही सकाळी धक्क्यावर जेवणाचे डबे पोचवायची आणि मागे न बघता घरी जायची.

मग गेल्या वर्षी एप्रिलात, भर दुपारी, सपाट पाण्यात, साकेलारिसने पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोयावर बोट घातली. "प्रवाहाने ओढलं," म्हणाला. कसला प्रवाह नि कसलं काय! त्याच आठवड्यात थेमेलिनाने त्याला कॉफी ओतताना पाहिलं होतं. कपात नव्हे, कपाशेजारी, टेबलावर. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढावं तर हा घर डोक्यावर घेणार. आणि परवाना गेला तर हा माणूस घरात बसून करणार काय? भिंतीकडे बघत बसणार? त्यासाठीही दिसायला नको का!

दुसऱ्या दिवशी डब्यांबरोबर तीही बोटीवर चढली. "लोक माहिती विचारतात आणि तुला बोलायचा कंटाळा. मी सांगत जाईन," असं म्हणून तिने माईक हातात घेतला. साकेलारिसने का म्हणून विचारलं नाही.

तेव्हापासून जो तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबलाच नाही. "मंडळी, आता उजवीकडे बघा, वीस वावांवर काळा खडक. आपण त्याला डावीकडून वळसा घालणार." आधी ग्रीकमध्ये, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मंडळी फोटो काढायची आणि साकेलारिस सुकाणू वळवायचा. दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत, ना बोटीवर, ना घरी. शेजारच्या बोटीचा मिकेस मात्र धक्क्यावर उभा राहून चिडवायचा, "साकेलारिस, तुझा रेडिओ रात्री तरी बंद होतो का रे?" साकेलारिस हसायचा. थेमेलिनाला हसू कुठलं यायला? सकाळी दोर सुटला की तिचा जीव टांगणीला लागायचा, तो संध्याकाळी दोर बांधल्यावरच जागेवर यायचा. खोकला आला तरी धडकी भरायची. पाणी प्यायचं ते उघड्या समुद्रात, दोन घोटांत. रोज मनात म्हणायची, मेरीमाते, आजचा दिवस निभावून ने, उद्या मी त्याच्याशी बोलते. तो उद्या काही उगवला नाही.

यंदाच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी बोटीवर अठरा जण होते. मेल्तेमी वारा सुटला होता, लाटांवर पांढरा फेस, आणि गुहेच्या आडोशाला मिकेसची बोट आधीच नांगर टाकून उभी होती. म्हणजे त्याचे प्रवासी पाण्यात पोहत असणार. थेमेलिना डोळ्यांत तेल घालून बघत होती. "मंडळी, समोर गुहेचं तोंड, डाव्या हाताला मिकेसची बोट, आपण अगदी हळू जाणार..."

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या अथेन्सच्या बाई म्हणाल्या, "काय हो, खडक दिसायच्या आधीच तुम्ही सांगता! इतकं पाठ कसं केलंत?"

थेमेलिना त्यांच्याकडे वळली. कौतुक करणाऱ्याकडे पाठ कशी करायची? "करावंच लागतं हो," एवढंच म्हणाली आणि पुन्हा समोर बघितलं, तर बोटीच्या अगदी पुढ्यात पाण्यावर एक टक्कल चमकत होतं.

माईक हातातून कधी पडला ते तिला कळलंच नाही. "साकेलारिस! माणूस! मागे घे, मागे घे, माणूस आहे!"

इंजिन उलटं फिरलं, सगळी बोट थरथरली, भिजवलेल्या पावाच्या कोशिंबिरीची थाळी प्रवाशांच्या पायांवर पालथी झाली. तो पोहणारा दोन्ही हातांनी बोटीला रेटा देऊन बाजूला झाला आणि जर्मनमध्ये असा काही ओरडायला लागला की भाषा समजायची गरजच नव्हती.

"कप्तान, तुम्हाला दिसला नाही का तो?" अथेन्सच्या बाईंनी विचारलं.

"ऊन होतं ना कप्तानाच्या डोळ्यांवर," थेमेलिना घाईघाईने म्हणाली. ऊन पाठीमागून येत होतं. अठराच्या अठरा जण ते बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष कोणाकोणाच्या पोरांना आपण या बोटीवर बसवलं, ते तिला एकेक करून आठवायला लागलं.

साकेलारिसने इंजिन बंद केलं. "मिकेस!" त्याने हाक मारली. "तुझ्या पोरावर सोपव बोट आणि इकडे ये. माझी तू ने धक्क्याला."

मिकेस टोमण्यासाठी तोंड उघडणार होता. पण साकेलारिसचा चेहरा बघून त्याने तो गिळला, पोहतच आला आणि निमूट सुकाणू धरलं.

साकेलारिस चाचपडत प्रवाशांच्या बाकावर येऊन बसला. थेमेलिना त्याच्या शेजारी टेकली.

"लागलं का गं त्याला?"

"नाही. एवढं ओरडतोय म्हणजे ठणठणीत आहे."

"ओरडणं ऐकू येत होतं. पण थेमेलिना, तो मला तेव्हाही दिसला नाही." मग म्हणाला, "तुला कधीपासून ठाऊक?"

"बोयावर बोट घातलीस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

त्याने तिचा हात शोधला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडला.

"उद्या बंदर कचेरीत जाऊन परवाना परत द्यायचा," तो म्हणाला. "तू बरोबर चल. सही कुठे करायची ते मला दिसणार नाही."