बाळंतिणीच्या खोलीतली लोखंडी शेगडी

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. गवळ्याच्या दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी भांडं पुढं करत नाही. पहिल्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी आले, आणि बाबांनी सदर बाजारातल्या लिलावातून विलायतेला परतणाऱ्या साहेबाची लोखंडी शेगडी बैलगाडीत घालून आणली, तेव्हा तर मी तिच्याभोवती तीनदा फिरून पाहिलं. चार पायांवर उभी, पोटाला दार, डोक्यावर धुराचा नळ. इतकी चांगली होती, तर साहेबानं विकली काहून?

"तुले तं देवाच्या परसादातही खडाच दिसते," बाबा म्हणाले.

पण माणूस कामाला चोख. बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी विटांचा ओटा घातला, शेगडी भिंतीपासून हातभर दूर ठेवली, खाटेपासून त्याहून दूर, मागं पत्रा उभा केला. भिंतीला भोक पाडून नळ अंगणात काढला. "हा नळ अन् वरचा झरोका, दोन्ही मोकळे पाहिजेत," असं मायला बजावलं. माय "हो" म्हणाली. तिचे असले "हो" मी चांगले ओळखून होते.

मुलगी झाली. थंडी तर अशी, की दातावर दात वाजावे. एक दिवस बाबा संत्र्यांच्या सौद्याला काटोलला गेले, आणि मायनं लाल झालेले कोळसे शेगडीत घातले. धूर नाही, काही नाही, खोली छान ऊबदार झाली. माझी नजर मात्र शेगडीवरून हलेना. केव्हा फुटेल मेली! दुपारी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. लेक शेजारी गाढ झोपलेली. पाजायची वेळ टळली तरी हूं की चूं नाही.

"कशी गुणाची पोर आहे वं! उबेनं झोपून राहिली," माय म्हणाली.

गुणाची? माझी लेक? रोज घर डोक्यावर घेणारी ही? मला काही ते पटेना. गालावर टिचकी मारली, तळपायाला चिमटा काढला. डोळे उघडेना. मी ओरडले.

"माय, दार उघड!"

"येडी झाली का वं? ओल्या बाळंतिणीले वारं लागते!"

मी ऐकते थोडीच! पोरीला छातीशी धरलं, मायला बाजूला लोटलं आणि लटपटत अंगणात जाऊन बसले. समोर नळाचं तोंड. त्यात जुन्या लुगड्याचा बोळा ठासून बसवलेला. झरोक्यातही तसाच. बाळंतिणीच्या खोलीची फट न् फट बुजवायची, ही आमच्याकडची रीतच होती, आणि मायनं ती मायेनंच पाळली होती. तरी मी तिला नाही नाही ते बोलले.

गार हवेत पोरीनं आधी ओठ हलवले, मग मुठी आवळल्या, आणि असा टाहो फोडला की मीही हमसून हमसून रडले.

मायनं नळातला बोळा उपसला आणि तो हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

"तुह्या आधीची माही पोर," ती हळूच म्हणाली, "हिवाळ्यातच झाली होती. खाटेखाली शेगडी ठेवून म्या सारं असंच बुजवलं होतं. तीही अशीच गुणाची झोपली. उठलीच नाही. सारे म्हणाले, दृष्ट लागली. म्हणजे वं, म्याच..."

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. तिला हाताला धरून खाली बसवलं आणि रडती पोर तिच्या मांडीवर दिली.