मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी

काल दुपारी डेंग्यूच्या तपासणीसाठी आरोग्यसेविका घरी आली. खिडकीतली मनीप्लांटची बाटली उजेडात धरून ती म्हणाली, "काका, यात डासांच्या अळ्या झाल्यात. पाणी बदलत नाही का?"

बायको होती तेव्हा ती बदलायची. ती गेल्यापासून मी वरून नुसती भर घालत आलो.

अंगणातल्या तापलेल्या मातीवर मी ते पाणी ओतलं. बारीक अळ्या थोडा वेळ वळवळल्या आणि थांबल्या. इतके महिने या घरात माझ्याशिवाय काही हलत नाही, असं मी धरून चाललो होतो. त्यांना मारायलाच हवं होतं; तरी हात जड झाला.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला येईन," चप्पल घालताना ती म्हणाली.

"कोणत्या वारी?" मी लगेच विचारलं.