दसऱ्याच्या पाटावरचा कंट्रोलर

माझे सासरे पोपटराव नाशिकच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. यंत्राला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस. बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दोह्याला आले तेव्हा फुटबॉलच्या विश्वचषकासाठी अख्खं शहर खणून ठेवलेलं, आणि आमचे अवधूतराव पहाटेपासून त्या खणण्यातच. घरात मी आणि आमची लेक नुपूर. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. बाबांचं इंग्रजी म्हणजे आनंदच. दोघं एकमेकांकडे परक्या पाहुण्यांसारखी बघत बसायची.

मग एकदा तिनं त्यांच्या हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर दिला. पाटीएवढा, मधोमध टचस्क्रीन. नुपूर टीव्हीवर भूलभुलैयात धावायची आणि पुढची वाट दिसायची फक्त बाबांच्या हातातल्या पडद्यावर. "डावीकडे, अगं डावीकडे. पुढे भिंत आहे." अल थुमामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढं मराठी त्याआधी कुणी बोललं नव्हतं. माझे कान किटले, पण तक्रार करेन तर शपथ.

दसऱ्याला बाबांनी पाटावर अवधूतचा लॅपटॉप, माझी विळी आणि तो कंट्रोलर मांडला. गंध, फूल, अक्षता, सगळं यथासांग. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम द्यायचं नाही, म्हणून कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नुपूरनं बटण दाबलं तर पडदा काळा. चार्जिंगला लावलं, तरी दिवा लागेना.

"यू किल्ड इट, आजोबा," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली.

दुकानदार म्हणाला, नुसता कंट्रोलर मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. मीही वैतागून, "खेळण्याला कशाला हवी होती पूजा?" असं बोलले. बाबांना जेवण जाईना. "ओलं गंध आत गेलं असणार," एवढंच म्हणाले आणि अवधूतला परतीचं तिकीट अलीकडचं काढायला सांगितलं. नात बोलत नसेल तर इथं राहून करायचं काय? एका खेळण्यापायी म्हातारा माणूस घरातून जाणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

सकाळी कंट्रोलर पुसताना चार्जिंगच्या भोकात काहीतरी लाल दिसलं. टाचणीनं उकरलं तर कुंकवाचा तांदूळ. पिन आत बसतच नव्हती आणि बॅटरी उतरली होती, बस. पिन खोचली, दिवा लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथंच फतकल मारून मी हसत सुटले.

"बाबा, काही बिघडलेलं नाही."

"बरं झालं. पोरीला दे," ते म्हणाले आणि पुन्हा बॅग भरायला लागले.

नुपूर दारातच उभी होती. तिनं कंट्रोलर माझ्याकडून घेतला, बॅगेतल्या शर्टांवर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, तिकीट कॅन्सल करा. मला एकटीला वाट सापडत नाही."

अवधूतला फोन मीच केला. बाबा बॅगेतले शर्ट परत कपाटात ठेवत होते.