वहिनींच्या अण्णांचा अंधार

त्या काळी आमच्या सोलापुरात वेळेवर होणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: एक गिरणीचा भोंगा आणि दुसरा वहिनींच्या अण्णांनी रंगमंचावर केलेला अंधार. अण्णा म्हणजे माझ्या वहिनींचे थोरले भाऊ, गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. पण नोकरी, संसार आणि प्रकृती हे त्यांचे फावल्या वेळेतले उद्योग. खरा उद्योग नाचाच्या कार्यक्रमांना दिवे लावण्याचा आणि त्याहून जास्त विझवण्याचा. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी कंदिलाची वात खालीवर करून घरच्या बाईंचा चेहरा कुठल्या उजेडात बरा दिसतो ते बघत आणि मोकळेपणाने सांगतही. त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा जेवायला बोलावणारी घरं थोडीच होती.

विजेचा दिवा हळूहळू मंद करायचं यंत्र मुंबईला मिळतं, असं आम्ही ऐकून होतो. अण्णांनी ते वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांत बसवलं होतं. बरणीत मिठाचं पाणी, तळाशी शिशाचा एक पत्रा आणि वरून दोरीला टांगलेला दुसरा. टांगलेला पत्रा खाली सोडला की दिवा उजळे, वर ओढला की मंदावे. त्यापायी आमचं लोणचं दोन वर्षं मडक्यात राहून बुरसलं, पण वहिनींनी भावाला कधी शब्दानं दुखवलं नाही. दोऱ्या ओढायला अण्णांच्याच खात्यातले दोन विणकर येत. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून गिरणीतली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात; कार्यक्रम चालू असताना अण्णाही तसेच बोलत. त्यांचं एक बोट वाकलं की रंगमंचावर तिन्हीसांज होई आणि दोन वाकली की चांदणं पडे.

तालमीत ते धोतराचा काचा मारून, ढेरी सांभाळत, प्रत्येक मुलीचा नाच स्वतः करून बघत. "नाच अंगात मुरल्याबिगर दिवा कुटं ठिवायचा ते कळत न्हाय," म्हणत. मग मुलींना दोऱ्या ओढायला लावत आणि त्या दोन मिशाळ विणकरांना मुलींच्या जागी उभं करत. हुकूम कुणालाच नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न: "तुला तितनं काय दिसतंय?" एकदा सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "अण्णा, उजेड डोळ्यावर येतोय, मला पायरीच दिसत न्हाय." तेवढ्यासाठी त्यांनी अर्धा दिवस घालवून सगळे दिवे हलवले. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा चिटणीस होतो. माणसं चालवायची म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभं राहायचं आणि ओरडायचं, एवढंच मला ठाऊक. "मास्तर, तुमीबी एकदा दोरी वढून बघा की," अण्णा म्हणाले. मी हसलो. मला पाहुण्यांच्या हारांची व्यवस्था बघायची होती.

त्या वर्षी सात मुलींचं दीपनृत्य होतं. मुलींच्या वडिलांनी नाइलाजाने होकार दिला होता आणि हेडमास्तरांनी बजावलं होतं, जरा काही बिघडलं तर शाळेत पुन्हा नाच नाही. शेवटी मुली हातात निरांजनं घेऊन पायऱ्या उतरणार, बाकीचा उजेड मावळत जाणार आणि फक्त निरांजनं उरणार, असं ठरलेलं होतं. हे विणकरांनाही माहीत होतं. तालमीला एकदाही धड न बसलेल्या चिटणिसाला तेवढं नव्हतं.

कार्यक्रमाच्या रात्री मी बरण्यांपाशी उभा होतो. उजेड मावळू लागला आणि मला वाटलं, पाण्यात मीठ कमी पडलं. जास्त मीठ, जास्त वीज, हे मी वर्गात शिकवत होतो. अण्णांची नजर मुलींवर होती. मी शेजारच्या मिठाच्या पिशवीतलं दोन मुठी मीठ बरणीत टाकलं. दिवे भप्पकन उजळले, पाणी उकळून उडालं आणि फ्यूज गेला. थिएटरात आरडाओरडा. मी काय करावं? शिट्टी फुंकली. मुली आणखीच घाबरल्या. दिपलेल्या डोळ्यांनी सातजणी पायऱ्यांवर थिजून उभ्या, आणि अंधारात अण्णांची बोटं कुणाला दिसणार? तेव्हा चालू कार्यक्रमात मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"पोरींनो, भिऊ नका. म्होरली, तुला तितनं काय दिसतंय?"

"निरांजन... आन् एक पायरी."

"मग एकच उतर की. आन् मागलीला सांग."

एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. सातही निरांजनं खाली आली. थिएटर टाळ्यांनी भरून गेलं.

हेडमास्तर तणतणत आत आले. "हा कुणाचा पराक्रम?" माझ्या तळहाताला मीठ चिकटलेलं होतं. मी मूठ कोटाच्या खिशात घातली. अण्णांनी त्या खिशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीठ जास्ती पडलं, सायेब. बरण्या माज्या, चूक माजी." मी मूठ खिशातच ठेवली. पुढच्या बैठकीत नाच चालू ठेवायचा, पण दिव्यांसाठी दुसरा माणूस बघायचा, असा ठराव झाला. तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. आज आठवलं तरी लाज वाटते.

पुढे मीही हेडमास्तर झालो. शिट्टी खणात टाकली आणि शिपायापासून सगळ्यांना विचारू लागलो, "तुम्हाला तिथून काय दिसतं?" माणसं कशी सांभाळावी ते सरांकडून शिकावं, असं लोक म्हणत. तेही मी मूठ खिशात ठेवूनच ऐकून घेतलं.

ठरावाच्या आठवड्यातच अण्णा दिवेलागणीला आमच्याकडे जेवायला आले. भाकरीवर शेंगाची चटणी वाढता वाढता वहिनी थांबल्या. "आमच्या अण्णाच्या हातनं मीठ जास्ती पडंलच कसं? भावजी, तुमी तितंच हुता की. तुमाला काय दिसलं?"

कंदील नेमका माझ्या तोंडासमोर होता. अण्णांनी हात लांबवून हळूच वात खाली केली. "डोळ्यावर येतंय गं," म्हणाले आणि जेवू लागले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात वीज आली, वहिनी थकल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.